एजन्सी वाढली, आता क्रिएटरना तीन वर्षांच्या कराराने बांधायचं का? (फोंडा, गोवा)

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. माझी एजन्सी रील करणाऱ्या क्रिएटरना ब्रँडची कामं मिळवून देते. गेले तीन आठवडे एकच प्रश्न घेऊन फिरते आहे. घरी बोलून झालं, ऑफिसात बोलून झालं. इथे धंदा करणारे आहेत, हिशोब जाणणारे आहेत आणि स्वतः रील करणारेही आहेत, म्हणून इथे मांडते. लांबेल, पण वाचा.

मी फोंड्याची. 2020 च्या 29 जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि 8 जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. मधल्या त्या दिवसांत आमच्या वाड्यावरच्या दोन पोरांचे चेहरे मी पाहिले आहेत. दोघं कोकणीत विनोदी व्हिडिओ करायचे, लोक बाजारात थांबवून बोलायला लागले होते, आणि एका रात्रीत सगळं पुसलं गेलं. मी तेव्हा पणजीतल्या एका हॉटेलचं सोशल मीडिया बघत होते, लॉकडाऊनमुळे अर्ध्या पगारावर. मी त्यांना नवी खाती उघडून दिली, पहिले काही व्हिडिओ माझ्याच मोबाइलवर एडिट करून दिले. ऑगस्टमध्ये एका मसालेवाल्याने विचारलं, "ही पोरं आमचं नाव घेतील का?" त्याने दोघांना मिळून तीन हजार दिले. मी त्यातला एक रुपयाही घेतला नाही. यात मध्यस्थाचा काही वाटा असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

आज आमच्याकडे 31 क्रिएटर आहेत आणि ऑफिसात आम्ही नऊजण. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही कशामुळे वाढलो याचं उत्तर माझ्यापुरतं पक्कं आहे. बाहेरच्या एजन्स्या गोवा म्हणजे बागा-कळंगुट, सूर्यास्त आणि हातातला ग्लास एवढंच विकत होत्या. आमच्याकडे कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) वहिनी होती, काणकोणात खोला मिरची वाळवणारी जोडी होती, सत्तरी तालुक्यातले निवृत्त मास्तर होते. मास्तरांनी चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या छताला, बांधायच्या एकेका फळावर रील केला. आंबाडे, तोरंजन, सुपारीचं शिपटं, आणि नव्या पिढीला नावंच माहीत नसलेली कितीतरी रानफळं. दुबईत, लंडनमध्ये बसलेल्या गोंयकारांनी ते रील आईवडिलांना पाठवले. त्यानंतर आम्हाला ब्रँडच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं नाही.

एक शूट सांगते, म्हणजे आमचं काम कसं चालतं ते कळेल. जत्रेत खाजें विकणाऱ्या एक काकी आमच्याकडे आहेत. चहाच्या एका ब्रँडसाठी त्यांच्या घरी शूट होतं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या परातीत, वरून आल्याचा वास येणारा गुळाचा पाक. काकी दोन्ही हातांनी परात हलवतात आणि बघता बघता ओला चकाकणारा पाक सुकून कांडीवर खरखरीत, फिकट होऊन बसतो. सगळा खेळ दीड-दोन मिनिटांचा. ब्रँडचा माणूस म्हणाला, "परत एकदा करा, कप फ्रेममध्ये आला नाही." काकींनी परात खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बाय, हो पाक आतां फाटीं वचना." म्हणजे हा पाक आता मागे जात नाही. दुसऱ्या घाण्याचा गूळ, बेसन, तेल आम्ही आमच्या खिशातून आणलं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये कच्च्या मालाचा आणि रीशूटचा खर्च वेगळा लिहिलेला असतो.

पहिल्यापासून नियम एकच: रील लाइव्ह झाला की 15 दिवसांत क्रिएटरचे पैसे, ब्रँडने दिलेले असोत वा नसोत. कमिशन 20 टक्के. काम क्रिएटरने स्वतः आणलं असेल तर 10. वर्षाचा करार कुणाशीच नाही, त्या त्या कामापुरतं पत्र.

आता मुंबईची एक मोठी टॅलेंट कंपनी आमच्यात पैसे घालायला तयार आहे. रक्कम अशी की नऊचे वीसजण होतील, पणजीत स्टुडिओ होईल. अटी तीन. सगळ्या क्रिएटरशी तीन वर्षांचा एक्स्क्लुझिव्ह करार, म्हणजे दुसऱ्या कुणामार्फत काम करायचं नाही. कमिशन 30 टक्के. आणि क्रिएटरच्या इनबॉक्समध्ये आलेली प्रत्येक चौकशी आमच्यामार्फतच जाणार.

पैशाची गरज आहे, ते लपवत नाही. पण काकींना तीन वर्षांच्या कागदावर सही करायला कुठल्या तोंडाने सांगू?

दशावतारी_पेडणे

ताई, हा धंदा तुम्हाला नवा वाटतो, आम्हाला नाही. माझे आजोबा दशावतारी कंपनीत राजा उभे करायचे, मी पार्टी सांभाळतो.

आमच्याकडे मालक असतो. तो जत्रांच्या तारखा धरतो, गावाकडून सुपारी घेतो, ट्रंका वाहून नेतो, आणि नटाला नाईट देतो. नाईट म्हणजे त्या रात्रीचा मेहनताना. पाऊस आला, प्रेक्षक कमी आले, मंडळाची वर्गणी कमी पडली, तरी पहाटे रंग उतरवल्यावर नटाच्या हातात नाईट पडलीच पाहिजे. ज्या मालकाने हे पाळलं त्याच्याकडे नट वीस-वीस वर्षं राहिले, कागद नसताना. ज्याने "पुढच्या जत्रेला देतो" म्हटलं, त्याची पार्टी दोन हंगामांत फुटली.

सासष्टीत तियात्राचे, म्हणजे कोकणी नाटकाचे, कंत्राटदार आहेत, तेही तेच करतात: खेळ अंगावर घेतात, तिकिटं खपोत न खपोत, मंडळीला ठरलेलं देतात. तियात्राचा पहिला खेळ मुंबईत 17 एप्रिल 1892 ला झाला. एवढी वर्षं ही कला सरकारी पैशावर जगली नाही. धोका अंगावर घेणारा माणूस मध्ये उभा होता म्हणून जगली.

तुमचे ते 15 दिवस म्हणजे तुमची नाईट आहे. ती मोडू नका. बाकी करारबिरार त्याच्या नंतर.

साखळीची_सुगरण

मी क्रिएटर आहे. हे लिहिताना अजून हात थरथरतात, पण लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी एका बाहेरच्या एजन्सीशी दोन वर्षांचा एक्स्क्लुझिव्ह करार केला. नाव घेत नाही. 11 पानं इंग्रजीत होती, मी दोन वाचली. पहिले तीन महिने खूप छान गेले. मग कामं कमी झाली, कारण त्यांच्याकडे माझ्यासारख्या चाळीस जणी होत्या आणि ब्रँडला त्यांनी दुसरी कुणी दाखवली तर मला कळायचंही नाही. एका पिठाच्या ब्रँडने मला थेट मेसेज केला होता. करारामुळे मी तो पुढे पाठवला. एजन्सीने सांगितलेला दर मला कधी कळला नाही, पण ब्रँड पळून गेला हे कळलं. एका रीलचे पैसे सात महिन्यांनी आले.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी एका तेलाचा एक रील केला होता, 12 हजारात. तो रील त्यांनी पार्टनरशिप अ‍ॅड म्हणून पैसे लावून वर्षभर चालवला. माझा चेहरा, माझं स्वयंपाकघर, माझ्या सासूबाई मागे ओट्याशी. पुण्याहून मावशी फोन करून म्हणते, रोज दिसतेस गं. त्या वर्षात दुसऱ्या कुठल्याही तेलवाल्याने मला विचारलं नाही. विचारणार तरी कसा? करारात "युजेज राइट्स", म्हणजे रील वापरायचे हक्क, असा शब्द होता आणि पुढे मुदतच लिहिलेली नव्हती.

ताई, तुमच्या काकींच्या कागदात हे असणार का, एवढंच सांगा.

मांडवीकाठ

@साखळीची_सुगरण, नाही. आज नाही आणि पुढेही असू देणार नाही. तुमचं वाचून ऑफिसात सगळे गप्प बसलो होतो. मुंबईच्या मसुद्यात तो शब्द शोधला. आहे. मुदत: "कायमस्वरूपी".

मडगावचा_सीए

करार राहू दे, आधी पैशाचा रस्ता बघूया. ही एजन्सी वाढली म्हणूनच पैशाला तहानलेली आहे, आणि तहान लागलेल्या माणसापुढेच कुणी 30 टक्क्यांचा कागद सरकवतो.

समजा एका रीलचे 1,00,000 ठरले. तुमचं बिल 18 टक्के जीएसटी धरून 1,18,000. क्रिएटरचे 80,000, तुमचे 20,000. पंधराव्या दिवशी तुम्ही 72,000 तिच्या खात्यात टाकता आणि 8,000 तिच्या नावाने टीडीएस (तिच्या आयकरापोटी आधीच कापलेली रक्कम) भरता. पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला 18,000 जीएसटी सरकारला जातो. ब्रँडने पैसे दिलेत का, हे सरकार विचारत नाही. क्रिएटरची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर तिची जीएसटी नोंदणी नसते, म्हणून तिच्या बाजूने तुम्हाला वजावट नाही. म्हणजे दोन महिन्यांच्या आत तुमच्या खिशातून 98,000 गेले. ब्रँड नव्वदाव्या दिवशी देतो, तोही 10,000 टीडीएस कापून, म्हणजे 1,08,000. तुमच्या हातात राहिले 10,000. उरलेले 10,000 वर्षाच्या रिटर्नमध्ये कराशी जुळवले जातात. या 20,000 मधूनच पगार, भाडं, एडिटर.

अशी दहा कामं एकाच महिन्यात आली तर आपण म्हणतो धंदा जोरात आहे. त्या कामांपोटी 9,80,000 रुपये तुम्ही दुसऱ्याच्या वतीने भरलेले असतात. वाढीत बुडालेल्या एजन्स्या मी पाहिल्या आहेत. काम भरपूर, बँकेत शून्य.

यावर औषध आहे, आणि त्यासाठी कुणाला बांधावं लागत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. फुकट आहे, घरबसल्या होते. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा 2006 चा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. ब्रँडच्या पीओवर (कामाच्या लेखी ऑर्डरवर) 90 दिवस लिहिलेले असले तरी कायदा 45 च मानतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. आणि ब्रँडच्या अकाउंट्सवाल्याला जे खरं टोचतं ते असं: आकारणी वर्ष 2024-25 पासून, वेळेत न दिलेली अशी रक्कम तो ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवू शकतो. त्यामुळे उद्यम नंबर बिलावर ठळक छापा आणि फेब्रुवारीत आठवणीचं पत्र पाठवा. मार्चअखेर फोन त्यांचाच येतो.

मोठ्या कंपन्यांची बिलं असतील तर टीआरईडीएस हा बिलांवर आगाऊ पैसे मिळवायचा ऑनलाइन मार्ग बघा. कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, थोडा डिस्काउंट कापून पैसे आठवड्यात हातात. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची झाली आहे. गुंतवणूकदाराला 30 टक्के आणि माणसांचं स्वातंत्र्य देण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आणि एक. तुमच्या क्रिएटरनी उद्यम नोंदणी केली तर हाच 45 दिवसांचा नियम तुमच्यावरही लागतो. तुम्ही 15 दिवसांत देता म्हणून तुम्हाला भीती नाही.

अंधेरी_ते_आमोणे

मी मुंबईत अशाच एका कंपनीत टॅलेंट मॅनेजर आहे, गाव आमोणे. दुसरी बाजू कुणी मांडत नाही म्हणून मांडतो, राग मानू नका.

एक्स्क्लुझिव्ह करार म्हणजे बेडी असंच सगळे धरून चाललेत. मी एका मुलीवर दीड वर्ष काम केलं. तिची मांडणी बदलली, कॅमेऱ्यासमोर बोलायला शिकवलं, तिला घेऊन अकरा ब्रँडच्या मीटिंगा केल्या. अकरापैकी एकाने वर्षभराचा रिटेनर, म्हणजे ठरलेल्या रकमेचं सलग काम, दिला. सही व्हायच्या आठवड्यात दुसऱ्या एजन्सीने तिला 5 टक्के कमी कमिशन सांगितलं आणि ती गेली. दीड वर्षाचा माझा पगार कंपनीने भरला होता. हे नुकसान कुणी सोसायचं?

ब्रँडलाही एकच माणूस हवा असतो. एकाच क्रिएटरसाठी तीन मेल, तीन दर आले की ते त्या नावावर काट मारतात. मोठे, सहा-सहा महिन्यांचे करार सैल नात्यावर मिळत नाहीत. गोव्यातल्या मुलांना 12 हजारांच्या रीलवरून वर्षाच्या रिटेनरवर न्यायचं असेल तर कुणीतरी त्यांच्यावर आधी पैसे आणि वेळ घालायला हवा, आणि घालणाऱ्याला थोडी खात्री हवी.

तीन वर्षं मलाही जास्त वाटतात. कायमस्वरूपी राइट्स तर सरळ चुकीचे आहेत, आमच्याकडेही मी यावर भांडलो आहे.

मांडवीकाठ

@अंधेरी_ते_आमोणे, बाब, राग कशाला? तुमचा मुद्दा मला झोंबला, कारण तो खरा आहे. आमच्या पहिल्या दोन पोरांपैकी एक असाच गेला. त्याच्या घरच्या चवथीला मी दरवर्षी जायचे. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. पैशापेक्षा तेच जास्त लागलं.

वकील_पर्वरी

कायद्यापुरतं बोलतो. भारतीय करार कायदा 1872, कलम 27. करार संपल्यानंतर "पुढचं एक वर्ष दुसऱ्या एजन्सीत जायचं नाही" अशी अट सहसा टिकत नाही, ती व्यवसायावरची बंदी मानली जाते. मुदत चालू असतानाची एक्स्क्लुझिव्हिटी मात्र टिकू शकते, म्हणून मुदत किती आणि बाहेर पडायची वाट कोणती, यावरच सगळं अवलंबून आहे.

माझी सूचना: ज्या क्रिएटरवर तुम्ही खरोखर खर्च करता, त्याच्यापुरतीच आणि तेवढ्याच वर्गापुरती एक्स्क्लुझिव्हिटी मागा. मास्तरांसाठी बागकाम आणि खतं हा वर्ग तुमच्याकडे. बाकी त्यांनी कुणाचंही काम करावं. नोटीस 30 दिवसांची, दोन्ही बाजूंना. खात्याचा पासवर्ड कायम क्रिएटरकडे. रील बूस्ट करायची, म्हणजे पैसे लावून जाहिरात म्हणून चालवायची, मुदत दिवसांत लिहा, पुढचे दिवस हवे असतील तर वेगळे पैसे. आणि करार मराठीत करा. मराठीतला करार तितकाच वैध असतो. काकी वाचून सही करतील.

हॉटेल_बार्देश

मी तुमच्या समोरच्या बाजूचा. मोपा विमानतळ 2023 च्या 5 जानेवारीला सुरू झाल्यापासून उत्तरेकडे खोल्या वाढल्या आणि माझ्या इनबॉक्समध्ये रोज "कोलॅब" मागणारे मेसेज. दोन रात्री, दोन जेवणं, बदल्यात एक रील, तीन स्टोऱ्या. नवीन असताना आम्ही सगळ्यांना हो म्हणायचो. फॉलोअर्स लाखभर, पण कमेंट करणारे सगळे दुसऱ्याच देशातले आणि बुकिंग शून्य. आता आम्ही आधी इनसाइट्सचं, म्हणजे खात्याच्या प्रेक्षकांच्या आकड्यांचं, स्क्रीन रेकॉर्डिंग मागतो. स्क्रीनशॉट घेत नाही, तो बदलता येतो. प्रेक्षक कुठल्या शहरांतले आहेत तेवढंच बघतो.

मांडवीकाठताईंच्या एजन्सीशी आमचं काम आहे की नाही ते इथे सांगत नाही. पण एवढं सांगतो, हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आणि रिकाम्या खोल्या जून ते सप्टेंबर. पावसाळ्यातला गोवा विकणारा क्रिएटर आम्हाला सोन्यासारखा. सांजांवला विहिरीत उडी मारणारी पोरं, माशेलचा चिखलकालो, दिवाडीचा बोंदेरा. हे पावसाळ्यातले सण बाहेरून आलेल्याला दाखवता येत नाहीत. त्याला तारीखच माहीत नसते, आणि माहीत असली तरी चिखलात कुणाच्या घरासमोर उभं राहायचं ते कळत नाही.

बार्टर, म्हणजे पैशांऐवजी वस्तू किंवा सोय घेऊन केलेलं काम, त्याबद्दल क्रिएटरनी एक लक्षात ठेवा. 1 जुलै 2022 पासून वर्षाला 20,000 च्या वर फुकट वस्तू किंवा सोय दिली तर 10 टक्के टीडीएस भरावा लागतो. फुकट मुक्काम हेही उत्पन्नच. फोन वापरून परत दिला तर नाही, ठेवून घेतला तर लागतो.

फोंतेन्हास_रहिवासी

माझंही ऐका. पणजीतली आमची फोंतेन्हासची गल्ली पिवळी-निळी दिसते म्हणून सकाळी सहापासून कुणीतरी माझ्या पायरीवर कपडे बदलत असतं. माझी आई 81 वर्षांची. खिडकी उघडली की कुणीतरी हात करून सांगतं, आजी, जरा आत व्हा, फ्रेममध्ये येताय. स्वतःच्या घरात.

पर्यटन खात्याने 2023 च्या जानेवारीत सूचना काढली होती की परवानगीशिवाय दुसऱ्यांचे फोटो काढू नका. पर्रे गावाने 2019 मध्ये माडांच्या रस्त्यावर शूटिंगला पैसे लावले, ओरड झाल्यावर मागे घेतले. लोक त्यावर हसले. मला त्या पंचायतीचं दुःख कळलं होतं.

तुमची एजन्सी वाढणार म्हणजे शूट वाढणार. तुमची पोरं आमच्यातलीच आहेत म्हणून सांगते: दार वाजवून विचारा. बहुतेक जण हो म्हणतील, चहाही देतील.

मांडवीकाठ

@फोंतेन्हास_रहिवासी, तुमच्या आईंची मी मनापासून माफी मागते, आमच्या कुणी केलं नसेल तरी. आमच्या शूटच्या यादीत बॅटरी, माइक, रिफ्लेक्टर, पाणी असं लिहिलेलं असतं. आजपासून पहिली ओळ "घरमालकाची परवानगी, नाव आणि वेळ" अशी आहे. ड्रोनचंही असंच. दाबोळी नौदलाचा तळ, वर मोपा, आणि पोरांना वाटतं समुद्रावर काय, उडवा कुठेही. शूटच्या आदल्या दिवशी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा बघितल्याशिवाय आमचा ड्रोन पेटीबाहेर येत नाही.

मास्तर_सत्तरी

वर ज्यांचा उल्लेख आला तो मास्तर मीच. मुलीने धागा वाचून दाखवला.

मला विचारलं असतं तर मी सही केली असती, कारण एजन्सी चालवणाऱ्या या मुलीवर माझा विश्वास आहे. म्हणूनच तिने मला सही करायला सांगू नये असं वाटतं. विश्वासाने केलेल्या सहीचा कागद उद्या तिच्या हातात राहणार नाही, पैसे घालणाऱ्याच्या हातात राहील.

दुसरं. जाहिरातीचा शिक्का. जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम 14 जून 2021 पासून लागू आहेत, ग्राहक व्यवहार खात्याची मार्गदर्शिका 20 जानेवारी 2023 ची. 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खूण किमान तीन सेकंद, त्याहून मोठा पण दोन मिनिटांच्या आतला असेल तर व्हिडिओच्या एक तृतीयांश वेळ. आणि ज्या भाषेत सांगता त्याच भाषेत. एका खताच्या कंपनीने मला विनंती केली की "जाहिरात" हा शब्द कॅप्शनच्या शेवटी, हॅशटॅगच्या गर्दीत टाका. तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. माझ्या 36 सेकंदांच्या रीलवर "जाहिरात" हा शब्द पहिल्या सेकंदापासून बाराव्यापर्यंत होता. लोकांनी तरीही पाहिला. खतही घेतलं.

मडगावचा_सीए

मास्तर, नमस्कार. यात दंडाची भर घालतो, मुलांना आकडा माहीत असलेला बरा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं, शिवाय पहिल्यांदा एक वर्षापर्यंत, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत जाहिरातीवर बंदी. बेटिंग आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या ऑफर तर मेल उघडल्या उघडल्या डिलीट करा. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला, त्यात अशा जाहिरातीलाही शिक्षा आहे.

मांडवीकाठ

@मडगावचा_सीए, बेटिंगवाल्यांना आम्ही पहिल्या वर्षापासून नाही म्हणत आलो. एकदा एका कामाचे इतके देत होते की ऑफिसचं वर्षाचं भाडं निघालं असतं. आमची पोरं ज्या मुलांना हसवतात त्यातली अर्धी शाळेतली. कसं म्हणणार हो?

मांडवीकाठ (चतुर्थीनंतर)

मंडळी, खूप दिवसांनी येते आहे. चवथीची गर्दी होती, मास्तरांची माटोळीची नवी मालिका होती, आणि बरंच काही घडलं ते सांगायचं राहिलं होतं.

मुंबईला नकार कळवला. फोनवर सांगितलं, मग पत्र पाठवलं. त्यांच्या माणसाने सभ्यपणे ऐकून घेतलं. पणजीचा स्टुडिओ आता होणार नाही. ऑफिसातल्या पोरांना सांगताना मला रडू आलं, कारण त्यातल्या दोघांनी स्टुडिओच्या भिंतींचे रंगसुद्धा ठरवले होते.

@अंधेरी_ते_आमोणे, तुमचं म्हणणं मी पूर्ण टाकलेलं नाही. 31 पैकी सहाजणांशी एक वर्षाचा, त्यांच्या त्यांच्या वर्गापुरता एक्स्क्लुझिव्ह करार केला आहे. ज्यांच्यासाठी आम्ही रिटेनर शोधतो आहोत तेच सहा. करार मराठीत, साडेतीन पानांचा, @वकील_पर्वरी यांनी तपासून दिला आणि फी घेतली नाही, देव बरें करूं. कमिशन 20 च. बूस्टची मुदत 60 दिवस. काकींनी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, एका ठिकाणी थांबल्या आणि विचारलं, "गूळ महागला तर?" ती ओळ वाढवली.

बाकी 25 जणांशी होतं तसंच. त्यातले दोघं या काळात दुसरीकडे गेले. एक जाताना भेटून गेली, पेढे ठेवून.

@साखळीची_सुगरण आता आमच्याकडे आहेत, हे त्यांच्या परवानगीने लिहिते. त्यांचा पहिला रील गेल्या महिन्याच्या 9 तारखेला लाइव्ह झाला, पैसे 22 तारखेला गेले.

उद्यम नंबर बिलावर छापल्यावर दोन ब्रँडनी 90 चे 45 दिवस केले. एकाने आमच्याशी काम थांबवलं. एका रिसॉर्टकडे मात्र 4,20,000 अजून अडकलेले आहेत, पाचवा महिना चालू आहे. त्या कामातल्या चारही क्रिएटरना आम्ही केव्हाच दिलेत, त्यासाठी माझी सोनसाखळी सध्या पतसंस्थेत गहाण आहे. @मडगावचा_सीए, लहान उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा आहे. काय काय जोडू?

मडगावचा_सीए

पीओ, बिल, रील लाइव्ह झाल्याचा पुरावा तारखेसह, त्यांनी काम मान्य केल्याचा मेल, आणि तुम्ही पाठवलेली आठवणीची सगळी पत्रं. पीओवर सही करणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसतंय का बघा. व्याजाचं कोष्टक मी करून देतो. उद्या दुपारी तीननंतर ऑफिसात आहे, येताना लॅपटॉप आणा, तिथेच बसून भरू.

खाजेंवाली_म्हापसा

नात टाइप करते आहे. साखळी सोडवून घे आधी, बोडगेश्वराच्या जत्रेला गळ्यात असू दे. माझा पुढचा रील जत्रेनंतर पैसे दिलेस तरी चालेल.

मांडवीकाठ

काकी, चालणार नाही. पंधराव्या दिवशी येतील.